शाळेच्या रांगेतली सॅटर्न

कॅरी, ८ सप्टेंबर २०२४

प्रिय मनोहरकाका,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पत्र. मागच्या रविवारी मी काकू कशी आहे विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "हो, इकडेही उकडतंय." विवेक शेजारी बसून हसत होता. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे सगळं ठीक. अनया सोळाची होतेय आणि तिला गाडी हवी आहे. विवेकचं म्हणणं, "पहिली गाडी ठोकायचीच असते यार, जुनी स्वस्त अमेरिकन घेऊन टाकू." मी म्हटलं, ज्याने आयुष्यभर गाड्या बनवल्या तो काका घरात असताना आपण कशाला डोकं चालवायचं? तुमची हिरवी सॅटर्न कशी वाटली होती तुम्हाला? लोक तिला नावं ठेवायचे एवढं आठवतं. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा काकूने मला त्याच गाडीत ड्रायव्हिंग शिकवलं, म्हणून मला ती कधी वाईट वाटलीच नाही.

तुम्ही अजून ती चालवता का? रोज? काकूला बरोबर घेऊन? सहज विचारते.

तुमची,
उत्तरा


नोव्हाय, १९ सप्टेंबर २०२४

चि. उत्तरा,

तुम्हा तिघांना आशीर्वाद. पत्र वाचून बरं वाटलं. कागदाला व्हॉल्यूम लागत नाही.

अनयासाठी सॅटर्न घेऊ नकोस. कंपनी २०१० साली संपली. गाडी मिळाली तरी पार्ट मिळणं कठीण. पण तू विचारलंस, तर सांगतो. हल्ली मला कुणी विचारत नाही.

ऐंशीच्या दशकात जपानी छोट्या गाड्यांनी आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. तेव्हा जनरल मोटर्सने ठरवलं की छोटी, सामान्य माणसाला परवडणारी गाडी बनवायची, आणि जुन्या सवयी नकोत म्हणून कंपनीच नवी काढायची. कारखाना टेनेसीत. आम्ही काही जण इथे ट्रॉयच्या ऑफिसात. माझ्याकडे दारं होती. वरचं आवरण प्लॅस्टिकचं, आत पोलादाचा सांगाडा. पार्किंगमध्ये शॉपिंग कार्ट आपटली तरी पोचा पडायचा नाही. गणपतीला मंडळी जमली की मी बाहेर नेऊन दाराला लाथ मारून दाखवायचो. शोभना म्हणायची, "अहो, लोक जेवायला आलेत, लाथा बघायला नाही."

मंडळात सगळ्यांच्या गाड्या जपानी. मी दिसलो की, "काय मनोहर, डबा आणलास का?" उन्हात वितळत नाही ना, असंही विचारायचे. आणि किंमत! शोरूममध्ये जी लिहिलेली तीच, घासाघीस नाही. बाकीच्यांना याचं कौतुक होतं, तुझी काकू मात्र हिरमुसली. म्हणाली, "भाव न करता घेतलं की विकत घेतल्यासारखंच वाटत नाही." किल्ली देताना शोरूममधले सगळे कामं सोडून जमायचे, टाळ्या वाजवायचे, फोटो काढायचे. आम्ही बाहेर चाकापुढे नारळ फोडला तर त्यांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, हा फुटला नसता तर गाडी परत केली असती का?

अलास्कातल्या एका बाईंच्या गाडीची सीट बदलायला कंपनीने माणूस विमानाने पाठवला होता. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात गाडीमालकांना कारखाना बघायला बोलावलं, तर चाळीसएक हजार लोक आले. आम्हीही गेलो. चार वर्षांच्या सिद्धेशला खांद्यावर घेऊन मी सांगत होतो, हे दार बाबांचं, तेही दार बाबांचं. पुढे काय झालं? नव्या मॉडेलांना वेळेवर पैसा मिळाला नाही, असं आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो. वर बसलेले काय म्हणायचे, मला ठाऊक नाही. शेवटी कंपनी विकत घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं, तेही मागे फिरलं.

हो, चालवतो. रोज दुपारी आम्ही दोघं जाऊन येतो. तुझी काकू मजेत आहे.

मनोहरकाका


कॅरी, २८ सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र विवेकला आणि अनयाला वाचून दाखवलं. अनया म्हणाली, "सो ही मेड द डोअर्स? लाइक, ऑल ऑफ देम?" मी हो म्हटलं.

पण मी ते पत्र अनयासाठी लिहिलं नव्हतं. तुम्ही इतक्या मोकळेपणाने उत्तर दिलंत की आता आडून बोलणं मला जमणार नाही. सिद्धेशचा क्युपर्टिनोहून फोन आला होता. तुमच्याजवळच्या एलिमेंटरी स्कूलमधून त्याला विचारणा झाली. एक म्हातारं जोडपं जुन्या हिरव्या गाडीतून रोज पिकअप लाइनमध्ये उभं राहतं. मुलांना न्यायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत. मूल काही घेत नाही, पुढे सरकत सरकत निघून जातं. एकदा विचारलं तर चालवणारे गृहस्थ म्हणाले, मुलाला न्यायला आलोय, आणि सिद्धेशचा नंबर दिला.

सिद्धेश मला म्हणाला, "ताई, तू बघ ना जरा, माझ्याशी ते बोलतच नाहीत."

काका, सिद्धेश चौतीस वर्षांचा आहे. हे तुम्हाला लिहिताना मला लाज वाटते. पण शंका मनात ठेवून तुमच्याशी गोड बोलत राहणं मला त्याहून वाईट वाटतं. तुम्ही डॉक्टरांना दाखवाल का? काकूच्या लक्षात येत नाही का हे? ती तुम्हाला थांबवत कशी नाही? आणि ती शेजारी बसलेली असताना तुम्ही गाडी चालवता, याची मला भीती वाटते.

रागावू नका. रागावलात तरी उत्तर लिहा.

उत्तरा


नोव्हाय, ९ ऑक्टोबर २०२४

चि. उत्तरा,

आज बुधवार आहे. तारीख वर लिहिली आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे.

शोभनाचं नाही.

निदान होऊन दोन वर्षं झाली. सिद्धेशला मी अर्धंच सांगितलं, तुला काहीच नाही. ती फोनवर छान बोलते, "कशी आहेस गं, पोरगी काय म्हणते," आणि तुम्हा सगळ्यांना बरं वाटतं. मलाही बरं वाटायचं. फोन ठेवला की मला विचारायची, कोण होती ती?

दुपारी शाळा सुटायची वेळ झाली की ती उठते. भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता उठते. "सिद्धेश सुटेल. चला." पहिल्यांदा मी समजावलं की तो मोठा झाला, कॅलिफोर्नियात असतो. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी मी त्याला कुठेतरी हरवून आलोय. मग ओरडली, रडली, दार उघडून पायांत नुसते मोजे घालून रस्त्यावर गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "चल."

आम्ही रांगेत उभे राहतो. पोरं बाहेर येतात. त्यांतला कुणीतरी एक, टोपीवाला किंवा पाठीवर मोठं दप्तर असलेला, तिला पुरतो. ती म्हणते, "आला बघा." मग मागच्या सीटकडे एकदा वळून बघते, तिचं समाधान होतं, मी गाडी काढतो. घरी येऊन ती सफरचंद कापून टेबलावर ठेवते. ते मी खातो. रात्रीपर्यंत सगळं शांत.

शाळेशी मी खोटं बोललो नाही. मुलाला न्यायला आलोय असं म्हटलं, कारण शोभना शेजारी बसली होती. नारिंगी जाकीट घालून गाड्या पुढे पाठवणाऱ्या मिसेस केलर आहेत, त्यांना नंतर एकटा जाऊन सगळं सांगितलं. आता आम्ही सर्वांत शेवटी यायचं, असं ठरलंय. त्या हात करतात, शोभना हात करते.

तिला याच गाडीत बसायचं असतं. सिद्धेशने घेऊन दिलेली करडी गाडी घरच्या गॅरेजात आहे. तिच्यात ती पाय ठेवत नाही.

तुला वाटलं म्हातारा बिघडला. तुझी चूक नाही. मी लपवलं की लोकांना दिसेल तेच दिसणार.

मनोहरकाका


कॅरी, १८ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,

"तुम्ही डॉक्टरांना दाखवाल का" असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी तीनदा खोडून तसंच ठेवलं होतं. माफ करा.

सिद्धेशशी बोलले, तुमच्या परवानगीशिवाय. न बोलणंही बरोबर नव्हतं आणि बोलणंही. तो म्हणाला, "रोज? रोज मला आणायला जातात?" नंतर त्याने अॅन आर्बरजवळच्या एका मेमरी केअरचं, विस्मरण झालेल्यांना सांभाळणाऱ्या होमचं, नाव काढलं. मी त्याला विनवलं की जोवर दुपारचं हे जमतंय तोवर काकूला घरात राहू दे. त्याने मान्य केलं. "पण ती परत रस्त्यावर गेली ना ताई, तर मी थांबणार नाही." त्याचंही मला चुकीचं वाटत नाही. दोघांचंही बरोबर असलं की मी काय करायचं असतं, ते मला कधी कळलेलं नाही.

गाडीला जपा.

उत्तरा


नोव्हाय, २० नोव्हेंबर २०२४

चि. उत्तरा,

गाडी गेली.

ब्रेक मारताना खालून आवाज यायचा म्हणून गॅरेजात नेली. त्यांनी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. तीस हिवाळे इथल्या रस्त्यांवरचं मीठ खाल्लेलं पोलाद होतं. मी बोटाने दाबलं आणि बोट आत गेलं. वरून, उत्तरा, एक डाग नाही. दारं अजून नव्यासारखी. ती माझी दारं, त्यांच्याआड काय चाललंय ते दिसायला जागाच नव्हती. गॅरेजवाला म्हणाला, सर, ही मी तुम्हाला रस्त्यावर नेऊ देणार नाही. मी इंजिनिअर आहे, मीही नेऊ दिली नसती.

शोभनाला करड्या गाडीत बसवायला गेलो. ती म्हणाली, "परक्याच्या गाडीत बसायचं नाही." सिद्धेशला हे तिनेच शिकवलं होतं. शाळेत पहिल्या दिवशी सोडायच्या आधी त्याच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं होतं. आता ती स्वतः म्हणते, हाताची घडी घालून, त्याच सुरात. मी म्हटलं, "अगं, ही आपलीच आहे." तर म्हणाली, "असंच सांगतात ती लोकं."

चालत नेऊन बघितलं. अर्ध्या वाटेत ती थांबते, गाडी कुठे विचारते. टॅक्सी बोलावून बघितली, ती ओरडायला लागली, ड्रायव्हर बिचारा घाबरला. परवा मी बाथरूममध्ये असताना ती निघाली. टेन माइल रोडवर पोलिसांना सापडली. पायांत चपला होत्या, एवढंच.

सिद्धेशला पोलिसांनीच कळवलं. जानेवारीअखेर त्या मेमरी केअरमध्ये जागा होते आहे. मी त्याच्याशी भांडलो नाही. काय म्हणून भांडू?

काका


कॅरी, १ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

कृपा करून सिद्धेशला अजून हो म्हणू नका.

सॅटर्नच्या जुन्या मालकांचा एक ग्रुप आहे, हे तुम्हाला माहीत होतं? चौदा वर्षांपूर्वी बंद पडलेल्या कंपनीच्या गाड्यांचे वाढदिवस साजरे करतात ही माणसं. तिथे मी विचारलं. आमच्यापासून तास-दीड तासावर ग्रीन्सबरोत एकांकडे तुमच्यासारखीच स्टेशन वॅगन होती. तोच हिरवा रंग, चौऱ्याण्णवची. इकडे बर्फ क्वचित पडतो, रस्त्यावर मीठही क्वचितच, म्हणून खालून स्वच्छ आहे. विवेकने मेकॅनिककडून तपासून घेतली. काल आम्ही ती आणली.

मालक ऐंशीच्या पुढचे, बायकोची गाडी होती म्हणाले. किल्ली देताना त्यांनी आम्हाला गाडीपुढे उभं केलं, फोटो काढला, आणि मग ड्राइव्हवेमध्ये एकटेच उभे राहून टाळ्या वाजवल्या. विवेकला कळेना हे काय. मला तुमचं पत्र आठवलं. मी त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडले. अनया म्हणाली, "मॉम, इट्स अ कार."

नाताळच्या सुट्टीत ती चालवत तुमच्याकडे येतो. काकूला आधी काही सांगू नका. नुसती समोर उभी करू.

मी उगाच आशा दाखवते आहे का, हे स्वतःला विचारून झालं आहे. तरी येते.

उत्तरा


कॅरी, ५ जानेवारी २०२५

प्रिय काका,

सुखरूप पोचलो. विमान वेळेवर होतं.

जे घडलं ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्यासमोरच घडलं. तरी लिहिते, कारण आठ दिवस त्या घरात आपण सगळे जेवणाविषयी आणि बर्फाविषयीच बोललो.

गाडी तिला पटली. मला आत्ताही ते दिसतं. ड्राइव्हवेमध्ये उभी केली, आणि ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून म्हणाली, "अय्या, आणलीत का गाडी धुऊन?" दारावरून हात फिरवला. बसली, पट्टा लावला. विवेकने मला कोपराने ढोसलं. तुम्ही मफलर नीट करत, जवळजवळ धावत दुसऱ्या बाजूला गेलात आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसलात.

आणि ती म्हणाली, "कोण तुम्ही?"

तुम्ही हसलात. "अगं, मी." ती दाराला चिकटली. "माझे मिस्टर आत्ता येतील. उतरा आधी." मग शेजारचे ते गृहस्थ बर्फ काढत होते त्यांना काच खाली करून हाका मारायला लागली, "आय डोन्ट नो धिस मॅन. प्लीज. आय डोन्ट नो धिस मॅन."

तुम्ही उतरलात. मला म्हणालात, "तू ने तिला. उशीर होतोय." शाळेला सुट्टी होती, तरी म्हणालात. मी तिला रिकाम्या शाळेसमोरून फिरवून आणलं. तिने मला माझ्या नावाने हाक मारली, क्लच नाही गं हिला, घाबरू नकोस, म्हणाली. परत आलो तेव्हा तुम्ही गॅरेजच्या दारात उभे होतात. तिने माझ्या कानात विचारलं, "हे अजून इथेच?"

नंतर रोज मीच नेलं. घरात ती तुमच्या हातून चहा घेत होती, तुम्ही कोण हे न विचारता. गाडीत मात्र नाही. गाडीत तिला तिचा नवरा हवा होता, आणि तो पंचेचाळीसचा असणार, काळ्या केसांचा. तिथे तो किती वर्षं बसलेला होता. जुन्या गाडीत रोज शेजारी तुम्ही बसायचात तेव्हा तिला कोण दिसायचं, आणि ती नवी येईपर्यंतच्या महिन्याभरात काय तुटलं, ते मला कळत नाही. मी गाडी आणली नसती तर निदान तिच्या तोंडून ते वाक्य तुम्हाला ऐकावं लागलं नसतं. ऐकू न येणाऱ्या माणसाला नेमकं तेच स्वच्छ ऐकू गेलं.

माझी नोकरी इथे, अनयाची शाळा इथे. मी रोज गाडी चालवायला तिथे राहू शकत नाही. हे लिहिताना मला कारणं सांगितल्यासारखं वाटतंय. कारणं खरी आहेत.

गाडीचं काय करायचं ते सांगा. विवेक येऊन घेऊन जाईल.

उत्तरा


नोव्हाय, ३० जानेवारी २०२५

चि. उत्तरा,

गाडी राहू दे.

शनिवारी सिद्धेश येतोय. जागा चांगली आहे, मी बघून आलो. खिडकीतून पार्किंग दिसतं. तिला तिथे याच गाडीतून न्यायचं, सिद्धेशने चालवायची, एवढं मी मागितलं. तो हो म्हणाला. ती त्याला ओळखेल असं मी सांगितलेलं नाही. ओळखणार नाही असंही नाही.

तू आणून चूक केलीस असं मनात आणू नकोस. ते वाक्य आज ना उद्या येणारच होतं. गाडीत आलं, बरं झालं. स्वयंपाकघरात आलं असतं तर मी कुठे उतरलो असतो?

तुम्ही गेल्यावर मी एक युक्ती काढली. शाळेच्या वेळेला ती निघाली की तिला किल्ली न देता ड्राइव्हवेमधल्या गाडीत जाऊ द्यायचं. ती आपणहून स्टिअरिंगमागे बसायला लागली. नवरा आला नाही म्हणजे आपणच जायला हवं, असं काहीतरी असेल. हात चाकावर ठेवून समोर बघत बसते. मी पोर्चवरून लक्ष ठेवायचो. इथली थंडी तुला ठाऊक आहे.

काल तिने काच खाली केली आणि मला हात केला. मी जवळ गेलो. म्हणाली, "अहो, तुम्ही किती वेळ उभे आहात थंडीत. बसा मागे. सोडते तुम्हाला." मी मागे बसलो. सिद्धेश बसायचा त्या बाजूला. तिने आरशातून बघून विचारलं, "तुमचा नातू कुठल्या वर्गात?" मी म्हटलं, किंडरगार्टनला. "आमचाही," म्हणाली. मग त्याच्याबद्दल सांगत बसली. डबा पूर्ण खात नाही. मराठी बोलायला लाजतो. मग नवऱ्याबद्दल. "हे गाड्यांमध्ये आहेत. दारं करतात. लोक हसतात आमच्या गाडीला, पण ह्यांनी केलेलं दार आहे हो, काही होत नाही त्याला." उत्तरा, तीस वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मंडळात मला चिडवायचे तेव्हा ती त्यांच्याबरोबर हसायची.

काचेवर वाफ धरली होती. गाडी जागची हलली नव्हती. ती म्हणाली, "कुठे राहता तुम्ही? कुठे सोडू?"

मी पुढे बोट केलं. समोर आमचंच घर.

ती वाकून बघायला लागली. म्हणाली, "अय्या, हे तर अगदी आमच्यासारखं आहे." मग जरा थांबून, "उतरा सांभाळून. बर्फ आहे."

मी उतरलो.

मनोहरकाका